प्रस्तावना : आठशे बेचाळीसच्या जिल्ह्यातून

२०११ च्या जनगणनेचे आकडे जाहीर झाले तेव्हा जळगाव जिल्ह्याच्या नावापुढे ८४२ लागले. शून्य ते सहा वर्षे वयाच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. राज्याची सरासरी ८९४, तळाशी ८०७ वर बीड, शेजारचे धुळे ८९८. केळी, कापूस आणि सोन्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला ही नवी ओळख चिकटली आणि ती पुसायला सरकारी यंत्रणा कामाला लागली. सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या झाल्या, यंत्रांना सील लागले, एफ फॉर्ममधल्या रिकाम्या रकान्यांसाठी डॉक्टरांना नोटिसा गेल्या. एसटी स्टँडवर, आरोग्य केंद्राच्या आवारात, शाळेच्या कुंपणावर चित्रे रंगली. पोटातली मुलगी आईकडे जिवाची भीक मागते आहे, अशी ती चित्रे.

कारवाई हवीच होती. पण बस येईपर्यंत त्या भिंतीकडे पाहत बसलेल्या बाईला त्यातून एवढेच कळले की पोट पाडणारी आई खुनी असते आणि पोट पाडले तर पोलीस येतात. १ एप्रिल १९७२ पासून या देशात ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे, हे त्याच भिंतीवर क्वचितच कुणी लिहिले. खानदेशात आजही अनेक शिकल्यासवरल्या घरांत असा समज आहे की गर्भपातावर सरसकट बंदी आहे. हा समज रुजायला निरक्षरता कारणीभूत नाही. तो सरकारी रंगाने भिंतीवर रंगवला गेला.

गर्भपाताच्या हक्काची बाजू मांडणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना मुलींच्या घटत्या संख्येपासून सुरू करण्याचे कारण साधे आहे. जळगाव-धुळ्यात हा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो : आधीच मुली कमी, त्यात गर्भपाताला मोकळीक दिली तर उरल्यासुरल्या मुलीही राहतील का? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येत नाही. या पुस्तकाचे उत्तर असे की, मुलगी आहे म्हणून सासरच्यांनी जिला टेबलावर झोपवले ती बाई आणि नको असलेले मूल वाढवायला जिला भाग पाडले ती बाई, या दोघींचे दुखणे एकच आहे. दोघींच्या पोटाविषयी दुसऱ्याच कुणीतरी ठरवले. पहिलीवरचा जुलूम थांबवायचा म्हणून दुसरीची वाट बंद केली, तर हाती जुलूमच उरतो, फक्त तो करणारा बदलतो.

मराठीत या वादाला तोंड फुटले ते जवळजवळ खानदेशाच्या दोन्ही टोकांवर. तापी खानदेश ओलांडून जिथे समुद्राला मिळते त्या सुरतेत १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मुलाच्या हत्येचा खटला चालला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या आणि एकूणच बायकांच्या ‘बिघडलेल्या’ चालीवर रकानेच्या रकाने भरले गेले. जळगावला लागून असलेल्या बुलढाण्यात बापूजी हरी शिंदे यांची मुलगी ताराबाई हे वाचत होती. १८८२ मध्ये तिने ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून काढली. बायकांवर जे जे दोष लादले जातात ते पुरुषांत नाहीत काय, एवढा एकच सवाल तिने पानोपानी, न थकता विचारला. पुस्तकावर टीकेची झोड उठली तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले.

जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. फुले गर्भपाताच्या बाजूने होते असा दावा इथे करायचा नाही. त्या काळी तो प्रश्न त्या शब्दांत कुणी विचारतही नव्हते. पण अडचणीत सापडलेल्या बाईला तिच्या चारित्र्याची चौकशी न करता दार उघडायचे, हे त्यांनी करून दाखवले. आजच्या किती प्रसूतिगृहांत ती रीत पाळली जाते, याचा विचार वाचकाने करावा.

कायद्याची वाट मात्र वेगळ्याच दिशेने गेली. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३१२ ने गर्भपात हा गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केला असेल तेवढाच अपवाद. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. हे कलम इतिहासजमा झाले असे कुणाला वाटत असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ८८ काढून वाचावे. नाव बदलले, गाभा तोच आहे.

मधल्या काळात मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून संततिनियमनाचे काम उभे केले, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांच्या एका खटल्यात वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलांना कुणीच तयार झाला नसता, अशा आशयाचा रोखठोक युक्तिवाद त्यात होता. ठराव फेटाळला गेला.

मग आली शांतिलाल शाह समिती. शाह हे त्या वेळी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली, १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला. देशात दरवर्षी सुमारे ३९ लाख गर्भपात घडवून आणले जातात आणि त्यातले बहुतेक चोरून, धोकादायक रीतीने, असा तिचा अंदाज होता. काड्या, मुळ्या, दाईचे हात आणि मग जंतुसंसर्गाने मृत्यू. याच अहवालावर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा उभा राहिला. जगातल्या अनेक श्रीमंत देशांच्या आधी भारताने हा कायदा केला ही अभिमानाची गोष्ट आहे. फक्त तो करण्यामागे लोकसंख्येची धास्ती होती, मातामृत्यूंची काळजी होती, डॉक्टरांना खटल्यांपासून वाचवण्याची इच्छा होती. बाईचा हक्क म्हणून तो झाला नाही. म्हणूनच त्याची रचना अशी की, अमुक अटी पूर्ण होतात असे डॉक्टरचे सद्हेतूने मत झाले तर त्या डॉक्टरला शिक्षा होणार नाही. बाईने ‘मला नको’ म्हणणे हे कारण त्यात कुठेच नाही. पन्नास वर्षांनंतरही नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने बरेच काही सुधारले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारित स्त्री, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, अशा काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही. गर्भनिरोधक फसले हे कारण पूर्वी फक्त ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ यांच्यापुरते होते. तिथे ‘कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द आले. गुप्तता मोडणाऱ्याला शिक्षा ठरली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांचा लाभ दिला आणि या कायद्यापुरता का होईना, नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कारच आहे असे सांगितले.

दिल्लीतला हा निकाल सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहण्यासारखे आहे.

समजा, चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या हद्दीलगतच्या पाड्यावर राहणारी एक बाई आहे. तीन लेकरे पदरात. चौथ्या वेळी दिवस गेले हे तिच्या लक्षात येईपर्यंत दोन महिने उलटले. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी तशीही नियमित नसते. उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारले तर ती म्हणते तालुक्याला जा. तालुक्याच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातले सगळे दिवस असतातच असे नाही. डॉक्टर भेटले तर विचारतात, नवरा कुठे आहे, त्याची सही लागेल. कायद्याला नवऱ्याची सही लागत नाही. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, आणि नवऱ्याने बायकोवर व डॉक्टरवर भरलेला अशाच एका प्रकरणातला दावा सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये टिकू दिला नाही. पण सही मागितली जाते, कारण उद्या नवरा भांडायला आला तर, ही डॉक्टरची भीती. नवरा ऊसतोडीला गुजरातेत. साक्री तालुक्यातून आणि नंदुरबारकडून दिवाळीनंतर अशा किती जोड्या दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचा पर्याय जळगावचे किंवा धुळ्याचे सिव्हिल. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासूनचे, जळगावचे थेट २०१८ चे. तिथवर जायचे तर कापूस वेचणीची एक-दोन दिवसांची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागते, लेकरांना कुणाकडे तरी ठेवावे लागते. एकेक टप्पा ओलांडता ओलांडता आठवडे सरतात. बाराव्या आठवड्याला जे सोपे होते ते अठराव्याला अवघड होते आणि बाविसाव्याला कायद्याच्या बाहेर जाते. या बाईला कुणीही ‘नाही’ म्हटलेले नाही. सगळ्यांनी फक्त पुढे पाठवले.

म्हणूनच बहुतेक बायका हा रस्ता धरतच नाहीत. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले जेमतेम २२ टक्के दवाखान्यांत झाले. ७३ टक्के झाले गोळ्यांनी, दवाखान्याबाहेर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही गर्भपात केलेल्या चारातल्या एकीहून अधिक बायकांनी तो घरीच, स्वतःच केल्याचे सांगितले. म्हणजे देशातल्या स्त्रियांनी आपला मार्ग कधीच काढला आहे. कायदा, वैद्यक आणि समाज मागून चालत आहेत.

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही दोन औषधे. पहिल्याला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००८ पासून दोन्हींचे एकत्र पाकीट मिळू लागले, ज्याला मेडिकलवाला ‘किट’ म्हणतो. नऊ आठवड्यांच्या आत, योग्य माहितीसह घेतल्यास हा सुरक्षित मार्ग आहे. माहिती नसेल तर त्यातले धोके खरे आहेत : दिवस जास्त भरलेले असतात, गर्भ नळीत असतो, गर्भपात अर्धवट होतो, रक्त किती जाणे साधारण आणि किती धोक्याचे हे कुणी सांगितलेले नसते. हे धोके टाळायला कान हवेत, वेळ हवा, विचारायला जागा हवी. झाले नेमके उलटे. २०११-१२ च्या सुमारास मुलींच्या घटत्या प्रमाणावर राज्यात गदारोळ उठला तेव्हा अन्न व औषध प्रशासनाने या गोळ्यांच्या विक्रीवर काटेकोर नजर रोखली. चिठ्ठी, बिल, साठ्याची नोंद, तपासणी. वैतागून कित्येक दुकानदारांनी किट ठेवणेच सोडले. गोळ्या काही थांबल्या नाहीत. त्या बिनपावतीच्या झाल्या, महाग झाल्या, आणि सोबतचा माहितीचा कागद गळाला.

या कारवाईतली चूक कुणीही कॅलेंडर पुढ्यात घेऊन पडताळावी. गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग खात्रीने दिसू लागते ते बारा आठवड्यांनंतर. मग सोनोग्राफी करून मुलगी पाडणाऱ्यांच्या हाती ही गोळी कशी उपयोगी पडणार? जी गोळी लिंगनिवडीच्या कामाची नाही तीच लिंगनिवड रोखण्याच्या नावाखाली दुकानातून गेली. त्याचा फटका कुणाला बसला? पहिल्या दोन महिन्यांत, सर्वांत कमी जोखमीच्या काळात मोकळे होऊ पाहणाऱ्या बाईला. आणि तिला उशीर झाला की ती बारा आठवड्यांच्या पुढे जाते, जिथे प्रत्येक डॉक्टर तिच्याकडे संशयाने पाहतो. पहिल्या दोन मुली असलेली बाई चौदाव्या आठवड्यात आली तर तिचे कारण काहीही असो, कित्येक दवाखान्यांत तिच्यासाठी एकच उत्तर असते : आम्ही हे करत नाही.

परळीत २०१२ मध्ये एका डॉक्टरच्या रुग्णालयात बाई दगावली आणि लिंगनिवडीचा सगळा बाजार उघडा पडला. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका बाईच्या मृत्यूनंतर १९ भ्रूण पुरलेले सापडले. अशी प्रकरणे वाचली की कुणाचीही मूठ आवळते, आवळावीच. पण दोन्हीकडे प्रकरण बाहेर आले ते बाईच्या प्रेतावरून, हे विसरता कामा नये. तिथे मेलेल्या बायका आरोपींच्या यादीत बसत नाहीत. सासरचा मुलाचा हट्ट, हुंडा, वंशाचा दिवा, जमिनीची वाटणी, आणि हे सारे ठाऊक असून पैसे घेणारा डॉक्टर, यांच्यामध्ये त्या चिरडल्या गेल्या. प्रसूतिपूर्व लिंगनिदानाविरुद्धचा कायदाही हे मानतो. बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असेच तो गृहीत धरतो.

हा फरक स्त्री चळवळीला पहिल्यापासून कळला होता. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण गर्भजल काढून लिंग सांगत होते. त्याच सुमारास मुंबईत गर्भलिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला, त्यात र. प. रवींद्र यांच्यासारखे विज्ञानाचे अभ्यासक होते, स्त्री संघटना होत्या. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक गावोगाव होत होतेच. याच प्रवाहातल्या बायका गर्भपाताचा हक्क शाबूत राहावा म्हणूनही झटत होत्या. पुरंदर तालुक्यात काम करणाऱ्या ‘मासूम’ संस्थेच्या मनीषा गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ग्रामीण बायकांशी बोलून गर्भपाताच्या गरजेविषयी लिहिले. बायका गर्भपाताला पाप म्हणतात आणि गरज पडली तर करतातही, हे दोन्ही त्यांनी ऐकले आणि दोन्ही मांडले. लिंगनिवडीला विरोध आणि गर्भपाताचा हक्क या दोन गोष्टी एकत्र धरणारे हे शहाणपण सरकारी मोहिमेत शिरताना मात्र अर्धेच शिरले. आजच्या सरकारी भाषेत जी गल्लत आहे ती चळवळीने केलेली नाही.

अल्पवयीन मुलींचा प्रश्न तर याहून नाजूक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार धुळे जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झाले होते. राज्याची सरासरी बावीस टक्क्यांच्या आत. म्हणजे सतराव्या वर्षी दिवस गेलेली मुलगी धुळ्यात दुर्मीळ नाही. ती दवाखान्यात गेली की पॉक्सो कायद्याने डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक. कळवले की नवऱ्यावर किंवा मित्रावर गुन्हा, आईबापांवर बालविवाहाचा गुन्हा. साहजिकच घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात यावर तोडगा दिला : मुलीची आणि पालकांची इच्छा असेल तर कळवताना डॉक्टरने तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. हा तोडगा तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदाराला आणि प्रसूतिगृहाच्या डॉक्टरला माहीत असेल तर त्या मुलीचे दोन महिने वाचतात.

नाही तर गाठ पडते कोर्टाशी. जळगाव, धुळे, नंदुरबार ही तिन्ही मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. अजिंठ्याचा किंवा कन्नडचा घाट चढून, दीडशे किलोमीटर जाऊन वकील गाठायचा, मग मंडळाची तपासणी, मग अहवाल, मग निकाल. जून २०२३ मध्ये याच खंडपीठाने पंधरा वर्षांच्या, अठ्ठावीस आठवड्यांच्या बलात्कारित मुलीला परवानगी नाकारली. मूल जिवंतच जन्माला येणार असेल तर ते पूर्ण दिवसांनी येऊ द्यावे, असा त्यामागचा विचार होता. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच चौदा वर्षांच्या मुलीला उच्च न्यायालयाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि आठवड्याभरात, वाढलेली जोखीम पाहून पालकांनी मन बदलल्यावर, तो आदेश मागे घेतला. या न्यायमूर्तींच्या हेतूंवर शंका घेण्याचे कारण नाही. पण शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पोटातले आठवडे कोर्टाच्या तारखांवर मोजावे लागावेत, हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट आहे. अठ्ठावीस आठवडे झाले ते तिच्या बेफिकिरीने नव्हे. आठव्या आठवड्याला तिला कुठेच जाता आले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८ मध्ये डॉ. निखिल दातार आपल्या रुग्णासह कोर्टात गेले. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता, पण वीस आठवडे उलटून गेले होते. कोर्टाने नकार दिला, पण वीस आठवड्यांची ती वेस बदलण्याची मागणी तिथून देशभर गेली आणि २०२१ मध्ये तिला फळ आले. २०१६ मध्ये भायखळा तुरुंगातल्या कैदी स्त्रियांच्या प्रश्नावर न्या. व्ही. के. ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि आपले शरीर व मातृत्व यांविषयीचा निर्णय फक्त त्या स्त्रीचा, हे ठणकावले. २०२३ च्या जानेवारीत न्या. गौतम पटेल यांच्या खंडपीठाने तेहतीस आठवड्यांच्या गर्भाच्या प्रकरणात वैद्यकीय मंडळाचा नकार बाजूला सारून निवड याचिकाकर्तीची आहे, मंडळाची नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे या पुस्तकाचा मुद्दा परका नाही. तो याच राज्याच्या न्यायमूर्तींनी, याच राज्यातल्या बायकांसाठी मांडलेला आहे.

नकाराची किंमत किती असते हे बेळगावच्या सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूने जगाला दाखवले. दंतवैद्य असलेल्या सविता आयर्लंडमधल्या गॉलवेत सतरा आठवड्यांच्या गरोदर होत्या. गर्भपात आपोआप होऊ घातला होता, बाळ वाचणार नव्हते. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर काही करता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुसंसर्गाने त्या गेल्या. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती घटनात्मक बंदी उठवली. रुमानियाने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली आणि १९८९ च्या डिसेंबरात ती उठली. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षात तिथले मातामृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बंदीने गर्भपात थांबतात असे मानणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

राहतो सर्वांत खोलवरचा आक्षेप : पोटात जीव आहे. जैन घरात, वारकरी घरात, मुस्लिम घरात हा आक्षेप मनापासून येतो आणि त्याची टिंगल करणाऱ्याने या विषयावर बोलू नये. गर्भ जिवंत असतो, हे नाकारण्याची गरज नाही. प्रश्न असा आहे की त्या जिवासाठी दुसऱ्या जिवाचे शरीर नऊ महिने वापरण्याची सक्ती सरकारला करता येईल का. मुलाला किडनीची गरज असेल आणि बापाचीच जुळत असेल, तरी १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा बापाच्या संमतीशिवाय त्याला हात लावू देत नाही. बाप देतो, बहुतेक बाप आनंदाने देतील. पण देणे त्याच्या हाती आहे. बाईच्या बाबतीत हेच का नको? ज्या बाईला तिचा धर्म गर्भपात करू देत नाही तिला तो कुणी करायला लावू नये, हेही याच तत्त्वात येते. तिच्यावर सासूचा किंवा नवऱ्याचा दबाव येतो तेव्हा तिच्या बाजूने उभे राहणारे तेच असतील जे दुसरीच्या ‘नको’साठी उभे राहतात.

खानदेशापुरते बोलायचे तर मागण्या मोठ्या नाहीत. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, कायद्यानेच ती दिलेली आहे. तेव्हा चोपडा, शिरपूर, साक्री, चाळीसगाव, मुक्ताईनगर इथे ही सेवा आठवड्याच्या ठरलेल्या वारी तरी मिळालीच पाहिजे. जळगाव आणि धुळे या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांनी एमबीबीएस डॉक्टरांना या कामाचे प्रशिक्षण द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रशिक्षित परिचारिका आणि पारंपरिक वैद्यकातले व्यावसायिकही सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांनी गर्भपात करू शकतात असे सांगितले. केंद्राच्या २०१४ च्या मसुद्यात तशी तरतूद होती, पुढे ती गळाली. ज्या पाड्यावर सिस्टर आणि बीएएमएस डॉक्टर एवढेच पोहोचतात तिथल्या लोकप्रतिनिधींनी ती पुन्हा मागावी. खासगी केंद्रांना मान्यता देणाऱ्या जिल्हा समितीने मान्य केंद्रांची यादी मराठीत, प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर लावावी. त्याच कागदावर आणखी तीन ओळी असाव्यात : वीस आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर पुरतो, सज्ञान बाईच्या संमतीच्या फॉर्म सी वर नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही, आणि तिचे नाव बाहेर सांगणे हा गुन्हा आहे. आशाताईंना हा कागद वाचून दाखवता येईल अशा टायपात छापावा, आणि यावलच्या वरच्या पाड्यांसाठी पावरीत, भिलीत सांगणारी बाई त्यांच्यासोबत द्यावी.